स्टेबल ब्रँचवर बॅकपोर्ट: मेनवरची दुरुस्ती जुन्या रिलीजपर्यंत नीट कशी न्यावी

आवृत्ती २.४ लोकांच्या सर्व्हरवर चालू आहे. मेन ब्रँच, म्हणजे जिच्यावर रोजचं नवं काम चालतं ती कोडची शाखा, २.६ च्या कामात बरीच पुढे गेली आहे. मेनवर एक बग सापडला, दुरुस्तही झाला, पण तोच बग २.४ वाल्यांनाही छळतोय. त्यांना ‘२.६ वर या’ असं सांगता येत नाही, कारण तिच्यासोबत नवी फीचर्स, बदललेलं कॉन्फिगरेशन आणि नव्या अडचणीही येणार. अशा वेळी फक्त ती दुरुस्ती उचलून जुन्या ब्रँचवर बसवायची, याला बॅकपोर्ट म्हणतात.

गिट हे कोडच्या बदलांचा इतिहास सांभाळणारं साधन. त्यातली कमांड एकच, गिट चेरी-पिक (एका ब्रँचवरचा बदल उचलून दुसरीवर लावणारी), आणि ती क्षणात संपते. खरं काम तिच्या आधी आणि नंतर असतं. मेनवरची दुरुस्ती मेनच्या कोडसाठी लिहिलेली असते आणि स्टेबल ब्रँचवरचा, म्हणजे जुन्या रिलीजसाठी राखलेल्या ब्रँचवरचा, कोड वेगळा असतो. म्हणून प्रत्येक बॅकपोर्ट हा जुन्या कोडवरचा नवा बदल आहे असं धरूनच तपासावा लागतो, आणि तो कुठून आला हे कमिटमध्येच (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलातच) लिहून ठेवावं लागतं. पुढची सगळी पद्धत या दोन गरजांमधून आली आहे.

उदाहरणासाठी तीन ब्रँच धरू: मेन, स्टेबल-२.५ आणि स्टेबल-२.४. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. जिथे नुसतं ‘हॅश’ लिहिलंय तिथे मेनवरच्या मूळ कमिटचा हॅश, म्हणजे त्याची ओळख सांगणारी अक्षरांची माळ, घालायचा.

स्टेबल ब्रँच कुठून काढायची

रिलीजच्या टॅगवरून, म्हणजे त्या कमिटला दिलेल्या कायमच्या नावावरून. मेनच्या आजच्या टोकावरून नाही.

    गिट फेच ओरिजिन --टॅग्ज
    गिट स्विच -सी स्टेबल-२.४ व्ही२.४.०
    गिट पुश -यू ओरिजिन स्टेबल-२.४

रिलीजच्या वेळी ब्रँच काढली नव्हती म्हणून काही बिघडत नाही. टॅग असला की सहा महिन्यांनीही त्या जागेवरून ब्रँच निघते. ब्रँचला आणि टॅगला एकच नाव मात्र देऊ नका. दोन्हीचं नाव ‘व्ही२.४’ असेल तर ते नाव संदिग्ध असल्याचा इशारा गिट देत राहतं, आणि कधीतरी कुणीतरी ब्रँच समजून टॅगवरून काम सुरू करतं.

ब्रँच काढल्या काढल्या दोन गोष्टी करून टाका. एक, तिला संरक्षण लावा: थेट पुश (सर्व्हरवर बदल पाठवणं) बंद, रिव्ह्यूशिवाय मर्ज (ब्रँच एकत्र करणं) नाही. दोन, आपोआप चालणाऱ्या टेस्ट या ब्रँचवरही चालतात ना, हे पाहा. कंपायलर आणि लायब्ररींच्या आवृत्त्या २.४ च्या रिलीजच्या वेळी होत्या त्याच बांधून ठेवा. हे राहिलं तर वर्षभरानंतर बॅकपोर्ट करताना टेस्ट लाल होतात, आणि त्या तुमच्या बदलामुळे झाल्या की बदललेल्या बिल्ड इमेजमुळे, हे शोधण्यात दिवस जातो.

रोज दोन-तीन ब्रँचवर काम असेल तर ब्रँच बदलत बसण्यापेक्षा वर्कट्री वापरा:

    गिट वर्कट्री ॲड ../प्रोजेक्ट-२.४ स्टेबल-२.४

रिपॉझिटरी एकच राहते, पण प्रत्येक ब्रँचला स्वतंत्र फोल्डर मिळतं. बिल्डच्या फायली एकमेकींत मिसळत नाहीत. मेनवर बनलेली ऑब्जेक्ट फाइल २.४ च्या बिल्डमध्ये शिरून खोटं यश दाखवण्याचा प्रकारही यामुळे टळतो.

आधी जुन्या ब्रँचवर की आधी मेनवर

दोन रीती आहेत आणि दोन्ही मोठ्या प्रकल्पांत चालतात. गिटच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत सांगितलेली रीत अशी: ज्या सर्वांत जुन्या ब्रँचला दुरुस्ती हवी तिथेच कमिट करा, मग ती ब्रँच वरच्या ब्रँचमध्ये मर्ज करत जा. यात कमिट एकच राहतो, हॅश एकच राहतो. त्यामुळे कोणत्या ब्रँचवर दुरुस्ती आहे हे ‘गिट ब्रँच --कंटेन्स हॅश’ अचूक सांगतं. पण दुरुस्ती लिहितानाच ‘ही जुन्या आवृत्तीलाही लागेल’ हे कळलेलं असावं लागतं, आणि ब्रँच एकमेकींपासून फार लांब गेलेल्या नसाव्या लागतात.

दुसरी रीत लिनक्स कर्नलची. दुरुस्ती आधी मुख्य ट्रीमध्ये (म्हणजे मेनवर) जायलाच हवी, त्यानंतरच ती स्टेबलमध्ये घेतली जाते. हा नियम कडक ठेवण्यामागे ठोस कारण आहे. दुरुस्ती फक्त जुन्या ब्रँचवर झाली आणि मेनवर राहून गेली, तर पुढची आवृत्ती घेणाऱ्याला जुना बग परत भेटतो. वापरणाऱ्यांच्या दृष्टीने याहून वाईट अपग्रेड नाही.

बहुतेक टीमसाठी दुसरी रीत बरी. जुन्या ब्रँचला काय लागेल हे बऱ्याचदा नंतरच कळतं. पुढचं सगळं हीच रीत धरून आहे. कोणतीही एक निवडा, पण एकाच ब्रँचवर दोन्ही मिसळू नका. चेरी-पिक केलेल्या ब्रँचचं नंतर मेनमध्ये मर्ज केलं, तर तोच बदल दोन हॅशखाली दिसतो, आवृत्ती क्रमांकाच्या कमिटसकट नको ते मेनवर येतं आणि इतिहास वाचणं अवघड होतं.

बग जुन्या ब्रँचवर आहे का, हे आधी ठरवा

हा टप्पा सर्रास गाळला जातो. २०१४ मधला ओपनएसएसएलचा (इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या लायब्ररीचा) हार्टब्लीड बग आठवून पाहा. तो १.०.१ मालिकेत होता, ०.९.८ आणि १.०.० या जुन्या मालिकांना त्याची बाधाच नव्हती, कारण हार्टबीट ही सोयच १.०.१ मध्ये आली होती. जुनं म्हणजे बाधित असेलच असं नाही.

म्हणून बग कोणत्या कमिटने आणला ते शोधा. बिघडलेली ओळ माहीत असेल तर दुरुस्तीच्या आधीच्या स्थितीवर ब्लेम (प्रत्येक ओळ कोणत्या कमिटने बदलली ते सांगणारी कमांड) चालवा:

    गिट ब्लेम हॅश^ -- सोर्स/पार्सर.सी

ओळ इकडून तिकडे हललेली असेल तर ‘गिट लॉग’ला कॅपिटल एसचा पर्याय देऊन तो मजकूर पहिल्यांदा कधी आला ते पाहा. तेही जमलं नाही तर गिट बायसेक्ट, जी इतिहास अर्धा अर्धा करत बग आणणारा कमिट शोधते. बग आणणारा कमिट सापडला की:

    गिट टॅग --कंटेन्स बग-आणणारा-हॅश

ज्या रिलीजमध्ये तो कमिट आहे त्यांची यादी मिळते. एक फट लक्षात ठेवा: बग आणणारा कमिटच पूर्वी चेरी-पिक होऊन २.४ वर गेला असेल, तर तिथे त्याचा हॅश वेगळा असतो आणि ही कमांड त्याला पकडत नाही. त्यासाठी स्टेबल ब्रँचच्या कमिट संदेशांत मूळ हॅश शोधावा लागतो. ही सोय कशी करून ठेवायची ते पुढे येईलच.

यावरून एक सवय लावून घ्यावी: मेनवर दुरुस्ती करतानाच संदेशात ‘फिक्सेस:’ अशी ओळ घालून बग आणणाऱ्या कमिटचा हॅश आणि शीर्षक लिहायचं. कर्नलमध्ये हॅशची किमान पहिली १२ अक्षरं लिहितात. ही एक ओळ असली की वरचा सगळा शोध नंतर कुणालाच करावा लागत नाही.

शेवटचा पुरावा टेस्टचा. दुरुस्तीसोबत आलेली टेस्ट आधी एकटीच स्टेबलवर चालवून पाहा:

    गिट रिस्टोर --सोर्स=हॅश -- टेस्ट्स/पार्सर_टेस्ट.सी

टेस्ट नापास झाली म्हणजे बग इथे आहे. पास झाली तर थांबा. एक तर बग इथे नाही, किंवा ती टेस्ट जुन्या कोडमधला बग पकडूच शकत नाही. दोन्ही वेळा पुढे जाण्याआधी कारण कळायला हवं. तपासून झालं की ती फाइल पूर्ववत करा, नाहीतर चेरी-पिक अडेल.

काय घ्यायचं आणि काय नाही, यावर फार चर्चा लागत नाही. क्रॅश, डेटा बिघडणं, सुरक्षेची भोकं आणि पूर्वी चालणारी गोष्ट बंद पडणं, हे घ्यायचं. नवं फीचर, नीटनेटकेपणासाठी केलेली फेररचना, ‘जाता जाता’ केलेला बदल, हे नाही. कर्नलच्या स्टेबल नियमांत पॅच आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींपेक्षा मोठा नसावा असं म्हटलंय. आकडा तुमच्या प्रकल्पात वेगळा असू शकतो. मर्यादा लिहून ठेवलेली असणं जास्त महत्त्वाचं.

चेरी-पिक

थेट स्टेबल ब्रँचवर नाही, तिच्यावरून काढलेल्या छोट्या ब्रँचवर:

    गिट फेच ओरिजिन
    गिट स्विच -सी बॅकपोर्ट/२.४/रिकामा-हेडर ओरिजिन/स्टेबल-२.४
    गिट चेरी-पिक -एक्स हॅश

यातला एक्स स्मॉल आहे. त्याने नव्या कमिटच्या संदेशाखाली ‘चेरी पिक्ड फ्रॉम कमिट’ आणि पूर्ण मूळ हॅश अशी ओळ जोडली जाते. कॅपिटल एक्स म्हणजे वेगळंच: मर्जच्या पद्धतीला द्यायचा पर्याय. मूळ लेखकाचं नाव आणि तारीख तशीच राहते. कमिट करणारा म्हणून तुमचं नाव लागतं.

ही ओळ कधीच गाळू नका. चेरी-पिकनंतर दोन कमिटमध्ये गिटच्या लेखी काहीही नातं उरत नाही. नातं सांगणारी ती एकच खूण आहे. मूळ हॅशही मेनवर पोचलेलाच असावा. आपल्या खाजगी फीचर ब्रँचवरचा हॅश उचलला आणि ती ब्रँच पुढे स्क्वॉश होऊन (सगळे कमिट एकात गुंडाळून) मर्ज झाली, तर संदेशातला हॅश कुठेच सापडत नाही.

एकापेक्षा जास्त कमिट असतील तर जुना आधी, नवा नंतर या क्रमाने द्या. रेंज देताना ‘पहिला..शेवटचा’ यात पहिला कमिट धरला जात नाही. तोही हवा असेल तर ‘पहिला^..शेवटचा’ असं लिहा. ही चूक फार होते, आणि पहिल्या कमिटमध्ये नुसती तयारी असेल तर बिल्ड होईपर्यंत लक्षातही येत नाही.

मर्ज कमिट (दोन ब्रँच जोडणारा) उचलायला गेलात तर गिट नकार देतं, कारण दोन पालकांपैकी, म्हणजे त्याच्या लगेच आधीच्या कमिटांपैकी, कुणाच्या तुलनेत बदल मोजायचा हे त्याला कळत नाही. ‘-एम १’ दिलं की पहिला पालक, म्हणजे मेन, आधार धरला जातो आणि अख्ख्या फीचर ब्रँचचा बदल एका कमिटमध्ये येतो. संदेश मात्र ‘मर्ज पुल रिक्वेस्ट’ छापाचा येतो, तो हाताने सुधारा. सुटे कमिट हवे असतील तर ‘मर्ज^१..मर्ज^२’ ही रेंज घ्या. मधल्या काळात त्या फीचर ब्रँचमध्ये मेन मर्ज केलं गेलं असेल तर या रेंजमध्येही मर्ज कमिट येतात आणि गाडी तिथे अडते. तेव्हा हवे ते कमिट नावाने द्या.

कधी चेरी-पिक ‘रिकामा’ ठरतो, म्हणजे बदल आधीच तिथे आहे. ‘गिट चेरी-पिक --स्किप’ करून पुढे जा, पण तो बदल आधी कोणत्या कमिटने आला ते एकदा पाहून घ्या.

कॉन्फ्लिक्ट आला की

कॉन्फ्लिक्ट म्हणजे दोन बाजूंचे बदल गिटला आपोआप जुळवता आले नाहीत. इथे घाई महागात पडते, म्हणून आत काय चालतं ते समजून घेणं फायद्याचं. चेरी-पिक म्हणजे नुसता पॅच चिकटवणं नाही. गिट तीन बाजूंचं मर्ज करतं: आधार म्हणजे मूळ कमिटचा पालक, एक बाजू तुमची स्टेबल ब्रँच, दुसरी बाजू मूळ कमिट. त्यामुळे कॉन्फ्लिक्टच्या वरच्या भागात स्टेबलचा कोड दिसतो आणि खालच्या भागात मेनचा कोड, त्यात दुरुस्तीशी संबंध नसलेले मेनवरचे जुने बदलही मिसळलेले असतात. खालचा भाग अख्खा ‘स्वीकारला’ की ते नको असलेले बदलही स्टेबलवर येतात. बॅकपोर्टमध्ये होणारं सर्वांत मोठं नुकसान बहुधा याच एका क्लिकने होतं.

उपाय म्हणजे आधारही डोळ्यांसमोर आणणं:

    गिट कॉन्फिग --ग्लोबल मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल झेडडिफ३

झेडडिफ३ गिट २.३५ पासून आहे. त्याहून जुनं गिट असेल तर डिफ३. कॉन्फ्लिक्ट आधीच पडलेला असेल तर ‘गिट चेकआउट --कॉन्फ्लिक्ट=डिफ३ फाइल’ ही कमांड ती फाइल नव्या मांडणीत परत काढून देते; त्या फाइलमध्ये तोवर हाताने काही सोडवलं असेल तर ते पुसलं जातं. आता तीन तुकडे दिसतात. मधला आणि खालचा यांतला फरक हीच खरी दुरुस्ती. तेवढाच फरक वरच्या तुकड्याला लावा. बाजूला ‘गिट शो हॅश’ उघडं ठेवा.

फरक लावताच येत नसेल, म्हणजे दुरुस्तीत वापरलेलं फंक्शन किंवा फील्ड २.४ वर नसेलच, तर ते कुठून आलं ते पाहा:

    गिट लॉग --वनलाइन ओरिजिन/स्टेबल-२.४..हॅश -- सोर्स/पार्सर.सी

या यादीत तो पूर्वतयारीचा कमिट बहुधा सापडतो. तो लहान आणि निरुपद्रवी असेल, उदाहरणार्थ एखादं छोटं मदतनीस फंक्शन जोडणारा, तर तोही आधी ‘-एक्स’ने उचला. पुढच्या दुरुस्त्याही त्यामुळे सोप्या जातात. तो मोठ्या फेररचनेचा भाग असेल तर उचलू नका. एकामागून एक पूर्वतयारी ओढत गेलात तर शेवटी अर्धा २.५ तुमच्या २.४ मध्ये आलेला असतो. अशा वेळी दुरुस्तीचा हेतू समजून ती जुन्या कोडच्या भाषेत नव्याने लिहा.

फाइल मेनवर दुसऱ्या नावाने किंवा दुसऱ्या फोल्डरमध्ये गेली असेल तर गिट बऱ्याचदा ते स्वतः ओळखतं, पण दोन फायलींमध्ये निदान निम्मं साम्य लागतं. नाही ओळखलं तर ‘हेडमध्ये डिलीट, हॅशमध्ये बदललेली’ असा कॉन्फ्लिक्ट येतो (हेड म्हणजे तुम्ही आत्ता ज्यावर आहात तो कमिट) आणि मेनवरची अख्खी फाइल कामाच्या फोल्डरमध्ये ठेवली जाते. इथे ‘गिट ॲड .’ केलंत तर जुन्या ब्रँचवर एक नवीकोरी फाइल कमिट होते, आणि दुरुस्ती खऱ्या फाइलला लागतच नाही. आधी ‘गिट चेरी-पिक --अबॉर्ट’ करा आणि साम्याची अट सैल करून पुन्हा प्रयत्न करा:

    गिट चेरी-पिक -एक्स -एक्स फाइंड-रिनेम्स=३०%

पहिला एक्स स्मॉल, दुसरा कॅपिटल, शेवटी हॅश. तरीही जमलं नाही तर नवी फाइल ‘गिट आरएम’ने काढा आणि बदल जुन्या नावाच्या फाइलवर हाताने करा. आणि ती फाइल ज्या फीचरची आहे ते फीचरच २.४ मध्ये नसेल, तर नुसतं काढणं पुरे.

लॉक फायली, म्हणजे लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्या लिहिणाऱ्या आपोआप बनणाऱ्या फायली, यांचे कॉन्फ्लिक्ट हाताने सोडवू नयेत. स्टेबलची फाइल ठेवा आणि पॅकेज मॅनेजरकडून ती पुन्हा बनवून घ्या.

सोडवून झालं की त्या फायली ‘गिट ॲड’ करा, मग ‘गिट चेरी-पिक --कंटिन्यू’. एडिटर उघडेल तेव्हा चेरी-पिकची ओळ संदेशात आहे ना, ते पाहा; नसेल तर हाताने लिहा. तिच्याखाली काय बदललं तेही लिहा:

    पार्सर: रिकाम्या हेडरवर क्रॅश होऊ नये

    (चेरी पिक्ड फ्रॉम कमिट पूर्ण-मूळ-हॅश)
    [२.४: हेडर-रीडर हा वेगळा मॉड्यूल इथे नाही, म्हणून
    तपासणी थेट पार्स-लाइन फंक्शनमध्ये घातली]

चौकटी कंसातल्या या दोन-तीन ओळी रिव्ह्यू करणाऱ्याचा अर्धा वेळ वाचवतात.

तोच कॉन्फ्लिक्ट पुढच्या ब्रँचवर पुन्हा येणार असेल तर ‘गिट कॉन्फिग रेरेरे.एनेबल्ड ट्रू’ करून ठेवा. गिट तुमची सोडवणूक लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी आपोआप लावतं. चुकीची सोडवणूकही ते तितक्याच इमानाने लावतं. तेव्हा ‘गिट रेरेरे फर्गेट फाइल’.

आणखी एक मोठा कॉन्फ्लिक्ट-कारखाना म्हणजे मेनवर अख्ख्या कोडवर फिरवलेला फॉर्मॅटर. त्या दिवसापासून प्रत्येक बॅकपोर्ट अडकतो. फॉर्मॅटर लावायचाच असेल तर त्याच दिवशी, त्याच सेटिंगने, जिवंत असलेल्या सगळ्या स्टेबल ब्रँचवरही स्वतंत्र कमिट म्हणून लावा.

कॉन्फ्लिक्ट आलाच नाही, तेव्हा जास्त जपा

कॉन्फ्लिक्ट तुम्हाला कोड वाचायला लावतो. सरळ बसलेला पॅच तसं करत नाही. गिटला ओळी कळतात, अर्थ कळत नाही.

समजा दुरुस्तीत एका फंक्शनला रिकामा पॉइंटर दिला जातो. मेनवर ते फंक्शन रिकामा पॉइंटर आधी तपासतं, २.४ वर ती तपासणी नव्हतीच. पॅच स्वच्छ बसतो, कंपाइल होतो आणि नवा क्रॅश घेऊन येतो. किंवा मेनवर फंक्शन यश मिळालं की १ देतं, २.४ वर ० द्यायचं. सीमध्ये दोन्ही चालतं आणि अट उलटी होते. किंवा मेनवर हे फंक्शन बोलावणारा आधीच लॉक घेऊन येतो, २.४ वर नाही. पायथन, जावास्क्रिप्टसारख्या भाषांत तर २.४ वर नसलेलं फंक्शन ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत लक्षातही येत नाही.

यासाठी बदललेल्या ओळींमध्ये जेवढी फंक्शन्स, मॅक्रो आणि कॉन्फिगरेशनची नावं येतात, त्यांची २.४ वरची व्याख्या उघडून वाचा. लहान पॅचमध्ये ही यादी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असते.

उलटा धोका कमी लोकांना सुचतो: जुन्या ब्रँचला मेनपेक्षा जास्त दुरुस्ती लागू शकते. बिघडलेला कोड मेनवर एकाच ठिकाणी उरला असेल, पण २.४ वर त्याचीच नक्कल आणखी दोन फायलींत असेल, जी मेनवर मधल्या काळात काढून टाकली गेली. पॅच त्या फायलींना हातही लावणार नाही. म्हणून बग ज्या रचनेमुळे होता ती रचना २.४ वर शोधा:

    गिट ग्रेप -एन ‘संशयित_फंक्शन’ ओरिजिन/स्टेबल-२.४

मग मूळ आणि बॅकपोर्ट यांची तुलना करा:

    गिट रेंज-डिफ हॅश^..हॅश हेड^..हेड

ही कमांड दोन पॅचमधला फरक दाखवते, म्हणजे बॅकपोर्ट करताना नेमकं काय वेगळं झालं ते. गिट २.१९ पासून ती आहे. दोन पॅच फारच वेगळे असतील तर ती त्यांना जोडीच मानत नाही; तेव्हा ‘--क्रिएशन-फॅक्टर=१००’ द्या. रिव्ह्यूला पाठवताना हा फरक सोबत जोडा. रिव्ह्यू करणाऱ्याने मूळ दुरुस्ती पुन्हा तपासायची नसते, हा फरक तपासायचा असतो. शक्य असेल तिथे मूळ दुरुस्ती लिहिणाऱ्यालाच रिव्ह्यूला बसवा. दुरुस्ती कशावर अवलंबून आहे हे त्याला ठाऊक असतं.

त्यानंतर टेस्टचा पूर्ण संच, आणि मघाशी नापास झालेली ती टेस्ट आता पास होते का ते. पुश करण्याआधी एकदा:

    गिट लॉग --वनलाइन ओरिजिन/स्टेबल-२.४..हेड

यात तुम्ही उचललेले कमिट सोडून एकही ओळ जास्त दिसता कामा नये.

दुरुस्तीची दुरुस्ती

मेनवर गेलेली दुरुस्ती कधी अपुरी ठरते, कधी मागे घेतली (रिव्हर्ट केली) जाते. ती बॅकपोर्ट करायच्या दिवशी मेनवर तिच्यानंतर काय झालं ते पाहायलाच हवं:

    गिट लॉग --वनलाइन हॅश..ओरिजिन/मेन --ग्रेप=‘हॅशची पहिली ७ अक्षरं’

रिव्हर्टच्या संदेशात गिट पूर्ण हॅश लिहितं आणि ‘फिक्सेस:’मध्ये लोक तो तोडून लिहितात, म्हणून मोजकीच अक्षरं शोधली की दोन्ही सापडतात. काही सापडलं तर तेही सोबत उचला. मेनवर दुरुस्ती तातडीची नसेल तर तिला तिथे आठवडाभर मुरू द्यावं. बऱ्याच चुका त्या काळात वर येतात. सुरक्षेच्या दुरुस्तीला ही सवलत नाही. ती सगळ्या ब्रँचवर आधीच तयार ठेवून एकाच वेळी जाहीर करायची असते, कारण मेनवरचा पॅच वाचून जुन्या आवृत्तीवर हल्ला रचता येतो.

काय राहून गेलं हे पाहायला:

    गिट चेरी -व्ही ओरिजिन/स्टेबल-२.४ ओरिजिन/मेन

अधिक चिन्ह असलेले मेनवरचे कमिट स्टेबलवर नाहीत, वजा चिन्ह असलेल्यांचा तोच बदल तिथे आहे. गिट ही जुळणी पॅचच्या मजकुरावरून करतं, ओळक्रमांक आणि मोकळ्या जागा सोडून. त्यामुळे कॉन्फ्लिक्ट सोडवून बसवलेला बॅकपोर्ट अधिक म्हणूनच दिसतो. अशांसाठी चेरी-पिकच्या ओळीवरच भिस्त:

    गिट लॉग ओरिजिन/स्टेबल-२.४ --ग्रेप=‘पूर्ण-मूळ-हॅश’

दोन स्टेबल ब्रँच असतील तर

नवी आधी, जुनी नंतर. २.५ वर बसवलेला बॅकपोर्ट २.४ च्या जास्त जवळचा असतो, म्हणून २.४ साठी तोच उचलणं सोपं जातं. चेरी-पिकच्या दोन ओळी एकाखाली एक येतात आणि दुरुस्ती कोणत्या वाटेने आली तेही दिसतं.

एक नियम मोडू नका: २.४ च्या रिलीजमध्ये गेलेली दुरुस्ती २.५ च्या रिलीजमध्ये त्याआधी किंवा त्याच वेळी गेलेली असावी. नाहीतर २.४.७ वरून २.५.३ वर जाणाऱ्याचा बग परत येतो.

डेटाबेसची रचना बदलणारी दुरुस्ती शक्यतो स्टेबलवर नेऊच नये. मायग्रेशनला (रचना बदलणाऱ्या स्क्रिप्टना) क्रमांक असतील, २.४ मध्ये ४२ पर्यंत आणि दुरुस्ती मेनवर ५५ क्रमांकाची असेल, तर ५५ आधी चालवून नंतर अपग्रेडच्या वेळी ४३ ते ५४ चालवायची वेळ येते, आणि बरीच साधनं त्यावर अडतात. अगदीच टाळता येत नसेल तर ‘कॉलम नसेल तरच जोडा’ अशा, दोनदा चालली तरी बिघाड न करणाऱ्या रीतीने ती लिहा आणि २.४ ते २.६ अपग्रेड भरलेल्या डेटाबेसवर करून पाहा.

रिलीज

बदल-नोंदीची फाइल प्रत्येक बॅकपोर्टला कॉन्फ्लिक्ट देते, कारण सगळे तिच्या वरच्याच ओळींत लिहितात. प्रत्येक बदलाची नोंद वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवून रिलीजच्या दिवशी एकत्र केली की हा त्रास संपतो. आवृत्ती क्रमांक वाढवणारा कमिट फक्त स्टेबलवर करा.

    गिट लॉग --वनलाइन व्ही२.४.६..हेड
    गिट टॅग -ए व्ही२.४.७ -एम ‘२.४.७’
    गिट पुश ओरिजिन स्टेबल-२.४ व्ही२.४.७

पहिल्या कमांडने आलेली यादी ओळ न ओळ वाचा. टॅग प्रसिद्ध झाल्यावर तो हलवू नका. ज्यांनी तो आधी घेतला त्यांच्याकडे जुनाच राहतो आणि एकाच नावाखाली दोन वेगळे कोड फिरत राहतात. चूक राहिली असेल तर २.४.८ काढा.

बदल-नोंदीत सुरक्षेच्या दुरुस्त्यांचे सीव्हीई क्रमांक (जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीला दिलेली ओळख) द्या. हार्टब्लीडच्या वेळी मूळ ओपनएसएसएल प्रकल्पाने १.०.१जी काढली, पण डेबियन आणि रेड हॅट या लिनक्स वितरणांनी आपल्या १.०.१ई पॅकेजमध्येच दुरुस्ती बसवली. नुसता आवृत्ती क्रमांक वाचणाऱ्या सुरक्षा-स्कॅनरला असं पॅकेज असुरक्षितच वाटतं. दुरुस्ती आत आहे हे दाखवायला लिखित नोंदच लागते.

मेन चुकून स्टेबलमध्ये मर्ज झालं तर

पुश झालं नसेल तर ‘गिट रीसेट --हार्ड ओरिजिन/स्टेबल-२.४’ करा, कमिट न केलेलं काम आधी बाजूला ठेवा. पुश झालं असेल तर ‘गिट रिव्हर्ट -एम १ मर्जचा-हॅश’ हा उपाय पटकन सुचतो. त्याने फायली पूर्ववत होतात, पण इतिहास होत नाही. मेनचे सगळे कमिट आता स्टेबलचे पूर्वज ठरतात. ‘--कंटेन्स’ खोटं उत्तर देऊ लागतं, ‘स्टेबल..मेन’ची यादी आणि ‘गिट चेरी’ जुन्या कमिटसाठी रिकामे येतात. कोणती दुरुस्ती आली आणि कोणती राहिली हे त्या ब्रँचवर पुन्हा कधीच विश्वासाने विचारता येत नाही. म्हणून चूक ताजी असेल तर सगळ्यांना कळवा, संरक्षण थोडा वेळ उघडा, ब्रँच मर्जच्या आधीच्या कमिटवर ‘--फोर्स-विथ-लीज’ने परत न्या, आणि प्रत्येकाने आपली स्थानिक स्टेबल ब्रँच फेच करून त्यावर रीसेट केली का ते विचारा. एकाने जरी जुनी प्रत पुन्हा पुश केली तरी सगळं परत येतं. त्या मर्जवरून टॅग निघून रिलीज झाली असेल तर मात्र ही वाट बंद. तेव्हा रिव्हर्ट करा आणि नवी स्टेबल ब्रँच शेवटच्या चांगल्या टॅगवरून काढून काम तिच्यावर हलवा.

मालिकेचा पाठिंबा संपला की शेवटची रिलीज टॅग करा, तारीख जाहीर करा आणि ब्रँच डिलीट करा. टॅग असेपर्यंत एकही कमिट हरवत नाही, आणि बंद झालेल्या ब्रँचवर कुणी चुकून बॅकपोर्ट पाठवत नाही.